रस्त्याची निविदा आणि घरांची यादी

गाणगापूरला दत्तदर्शनास किंवा हुमनाबादजवळच्या माणिकनगरला प्रभूंच्या गादीपुढे जाणाऱ्या आमच्या किनारपट्टीवरील भाविकास कलबुर्गी व बिदर हे जिल्हे परके नाहीत. मात्र त्याची गाडी हमरस्त्याने जाते. आळंद, भालकी, औराद या तालुक्यांतील आडगावे त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली आणि कालपर्यंत मध्यावर असलेली मराठी-कानडी गावे एकाएकी राज्याच्या कडेला जाऊन पडली. कडेच्या गावाकडे रस्ता सर्वांत शेवटी पोहोचतो, हे काय सांगावयास हवे?

या गावांतील घरबांधणीचा प्रश्न रस्त्यापासून अलग करता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१६ च्या पंतप्रधान आवास योजनेने सपाट प्रदेशातील ग्रामीण घरास १ लाख २० हजार रुपये ठरविले; गाव हमरस्त्यावर असो वा चिखलवाटेच्या टोकाला, रक्कम एकच. परंतु सिमेंटची गोणी, सळई आणि वाळू यांना वाटखर्च असतो. (बिदरच्या पठारावर आपल्यासारखाच जांभा आहे, हे खरे, पण चिराही आपल्या पायांनी चालत येत नाही.) ट्रक जेथे थांबतो तेथून पुढचे भाडे गरिबाच्या अनुदानातूनच जाते. मग भिंती उभ्या राहून छप्पर अडले, तर दोष लाभार्थ्याचा कसा?

रस्ता आणि निवारा यांची सांगड कर्नाटकाला नवी नाही. त्या राज्याच्या १९६१ च्या नगररचना कायद्यातील कलम १८-अ अन्वये बांधकामास परवानगी देताना वर्तुळमार्गासाठी अधिभार व झोपडपट्टी-सुधारणेसाठी उपकर घेता येतो. शहरापुरते जे मान्य, ते खेड्यास का नाकारावे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२१ मध्ये याहून कडक वाट धरली. लोकलगाडीची सोय असूनही सामायिक इमारतींना जागा मोकळी न करणाऱ्या नगरांचे पायाभूत कामांचे काही अनुदान बंद करण्याची ती तरतूद. मिल्टन नगराच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा कायदा वैध ठरविला. मात्र हा चाबूक औरादवर उगारणे अन्यायाचे होईल. मिल्टनने घरांना वाव देण्याचे नाकारले होते. आडगावापाशी नाकारण्याजोगे आहेच काय? 'आधी घरे पुरी करा, मग रस्ता' अशी अट येथे घालणे म्हणजे पंगूला धावण्याची शर्यत लावणे होय.

म्हणून सांगड उलट्या बाजूने घालावी. ३७१-ञ कलमान्वये या प्रदेशास स्वतंत्र विकास मंडळ मिळाले असून त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन आहे. त्या अहवालात प्रत्येक ग्रामीण रस्त्यापुढे त्या गावातील अपुऱ्या घरांची संख्या छापावी, ज्या गावी ती अधिक तेथील निविदा आधी काढावी, आणि वाहतुकीचा वाढीव खर्च राज्याने अनुदानाव्यतिरिक्त सोसावा. यासाठी कर्नाटक विधिमंडळास लहानसा कायदा करावा लागला, तर तो येत्या अधिवेशनातच करावा.