जामीन कोण राहणार?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक बैठक झाली. विषय माझ्या नातीचा. बी.कॉम. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि म्हणाली, "आजोबा, मला बँकेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत. शाळेतल्या मुलांना निसर्ग शिकवणाऱ्या एका संस्थेत जायचंय." पगार विचारला. तिने सांगितलेला आकडा माझ्या पेन्शनच्या निम्माही नव्हता. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी शेवटचा शब्द माझा, असा आमच्याकडे रिवाज आहे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, ह्या वेळी नको."

त्या चार शब्दांचा अर्थ फक्त आम्हां दोघांनाच कळला. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तो प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, तेव्हा त्याला असंच काहीसं करायचं होतं. वडील रिटायर झालेले, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी त्याला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये चिकटवून दिलं. त्याने मुकाट्याने नोकरी केली. आजही पावसाळ्यात तो कमाटीबागेजवळच्या विश्वामित्रीच्या पुलावर उभा असतो आणि मगर बघायला जमलेल्या पोरांना सांगतो, "ती तोंड उघडं ठेवून बसलीय ना, ते चावायला नव्हे. अंगातली उष्णता कमी करते आहे." पोरं ऐकत राहतात. मी त्याला शिक्षक होऊ दिलं नाही, तरी तो झालाच. फक्त बिनपगारी.

म्हणून ह्या खेपेला लगेच निकाल दिला नाही. म्हटलं, बँकेत कर्ज देताना करायचो तशी आधी चौकशी करू. ह्या क्षेत्रात जी माणसं मोठी झाली, ती आली कुठून आणि त्यांची चूल कशावर पेटली?

पहिलं नाव सलीम अलींचं. आपण त्यांना पक्ष्यांचे महर्षी म्हणून ओळखतो. पण ब्रह्मदेशातून परतल्यावर १९१७ च्या सुमारास ते मुंबईत दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि अकाउंटन्सी शिकत होते! प्राणिशास्त्र त्यानंतर आलं. पुढे ब्रह्मदेशातला धंदा बुडाला. १९२६ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगण्याची नोकरी मिळाली, म्हणजे आजच्या भाषेत पर्यावरण शिक्षकाचीच. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. मग नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. नंतर संस्थानांना त्यांनी कळवलं की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी फुकट काम करतो. हैदराबाद संस्थानचं पक्षी-सर्वेक्षण असंच झालं. बँकर म्हणून सांगतो, हा माणूस कर्ज मागायला आला असता तर मी अर्ज नामंजूर केला असता.

बाकीचेही असेच वेगवेगळ्या वाटांनी आले. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत १९८४ मध्ये सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन उभं करणारे कार्तिकेय साराभाई विक्रम साराभाईंचे चिरंजीव, केंब्रिजला शिकलेले. मुलांची निसर्ग शिबिरं भरवणारे लवकुमार खाचर जसदणच्या राजघराण्यातले, राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिक्षक. पदवीच्या मुलांसाठी यूजीसीचं पर्यावरणाचं पुस्तक लिहिणारे पुण्याचे डॉ. एरच भरुचा पेशाने सर्जन. म्हणजे आमच्या नातीसारख्या कॉमर्सवाल्यांना पर्यावरण शिकवलं ते एका सर्जनने! मारुती चितमपल्ली सोलापूरचे, घरची भाषा तेलुगू, नोकरी वनखात्यात, आणि मराठी माणसाला जंगलाची भाषा त्यांनी शिकवली. अनिल अग्रवाल आयआयटीचे मेकॅनिकल इंजिनिअर, मग पत्रकार, आणि १९८० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे संस्थापक. हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा झाला तो एम. सी. मेहता नावाच्या वकिलामुळे. त्यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९९१ मध्ये आदेश दिला. त्यातच सिनेमागृहात पर्यावरणाच्या स्लाइड फुकट दाखवायचंही फर्मान होतं.

"पर्यावरण म्हणजे सायन्सवाल्यांचं काम, कॉमर्सच्या मुलीने तिथे काय करायचं?" हा आमच्या बैठकीतला पहिला आक्षेप इथेच निकालात निघतो. उलट अशा संस्थांना हिशेब समजणारी माणसं हवीच असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे. तो पैसा मागायचा, खर्चायचा आणि त्याचा चोख हिशेब द्यायचा, हे पक्षी ओळखण्याइतकंच महत्त्वाचं.

पण दुसरा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. वरची यादी पुन्हा बघा. ह्यातल्या बहुतेकांच्या मागे काहीतरी भक्कम होतं. कुणाचं घराणं, कुणाची सरकारी नोकरी, कुणाचा चालता पेशा. सलीम अलींची नोकरी गेली तेव्हा किहीमचं घर सासरकडचं होतं, म्हणून डोक्यावर छप्पर राहिलं. सगळ्यांच्या पदव्या वेगळ्या, पण जामीनदार बहुतेकांना होता.

आणि ज्यांना तो नव्हता त्यांचं काय? कारवार जिल्ह्यात, अंकोल्याकडच्या तुळसी गौडा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वनखात्याच्या रोपवाटिकेत कितीतरी वर्षं रोजंदारीवर राबल्या. बी कुठल्या झाडाचं घ्यायचं हे त्यांना विचारायला शिकलेले अधिकारी येत. पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. राष्ट्रपती भवनात अनवाणी गेलेल्या त्या बाईंचा फोटो आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिला. पण ती सगळी वर्षं त्यांच्या मजुरीची काळजी कुणी केली? कौतुक करायला आपल्याला काही पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण इथे बडोद्यात, इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली माणसं. आपले पूर्वज नोकरीसाठीच आले, त्यामुळे पक्की नोकरी हे आपलं कुलदैवत. त्यात चूक काही नव्हती, तेव्हा गाठीशी काहीच नव्हतं. मी भावाला अडवलं तेव्हा घरात खरंच चणचण होती. आज तशी परिस्थिती आहे का? स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, मुलाचा पगार आहे. तरीही आपण नातवंडांना तोच निकाल देत असू, तर ती गरज नाही, नुसती सवय आहे. परिस्थिती बदलली, म्हणजे निकालही बदलायला हवा.

आम्ही काय ठरवलं ते सांगतो, उगाच उपदेश नको. नातीला तीन वर्षांची मुदत दिली. राहणं-जेवण घरचं. मेडिक्लेमचा हप्ता मी भरणार. तिच्या पीपीएफमध्ये दर महिन्याला थोडी रक्कम तिचा बाप टाकणार. अट एकच, संस्थेचा जमाखर्च आणि ऑडिट तिने शिकून घ्यायचं. तीन वर्षांनी पुन्हा बसू. काही घरांत एवढंही शक्य नसेल, हे मला कळतं. पण शक्य असूनही जी घरं "आधी पक्की नोकरी, मग समाजसेवा" म्हणतात, त्यांनी एकदा हिशेब मांडून बघावा.

दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, असं मी बँकेत असताना सगळ्यांना सांगायचो. घरच्या पोरीला राहायला मात्र हरकत नाही. भावाला मी राहिलो नाही. तो काही बोलत नाही, पण नातीच्या पहिल्या शिबिराला सामान उचलून सगळ्यांत आधी स्टेशनवर तोच पोचला होता.