प्रार्थना आणि पास-फेल

परवा ऑफिसातला एक मित्र जेवताना गप्प गप्प होता. मूळचा वसईचा, कॅथलिक. आईची केमो चालू आहे. संध्याकाळी शेजारीपाजारी जमून तिच्यासाठी रोझरी म्हणतात, तिलाही बरं वाटतं. पण आदल्या दिवशी कुणीतरी तिला म्हणालं, "श्रद्धा पक्की असली की माणूस बरा होतोच." तेव्हापासून ती मुलाला विचारतेय, "माझंच काही कमी पडतंय का रे?"

मी ख्रिस्ती नाही, देवाच्या बाबतीत तसा काठावरचाच. पण हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शनिवारी बायबल घेऊन बसलो.

गंमत म्हणजे हा हिशेब तिथेच जुळत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला, रडून प्रार्थना केली आणि १५ वर्षं वाढवून मिळाली. (तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. म्हणजे औषध बंद नाही!) पण पौलाने शरीरातला 'काटा' जावा म्हणून तीनदा विनवलं, तो गेला नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तोही टळला नाही. आता यांची श्रद्धा कमी पडली म्हणायचं का?

आम्हा इंजिनियर लोकांना आकडे लागतात, म्हणून तेही देतो. २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांना नक्की ठाऊक नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या ५२% आणि न झालेल्या ५१% रुग्णांना गुंतागुंत झाली. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं सांगितलेल्यांत हा आकडा ५९% निघाला! कारण ठामपणे कुणालाच सांगता आलं नाही. पण त्या माउलीचा प्रश्न ऐकल्यावर मला वाटतं, प्रार्थनेचंही ओझं होऊ शकतं.

मग करूच नये का? जरूर करावी. त्या रात्री बागेत येशूने शिष्यांकडे चमत्कार मागितला नव्हता. माझ्यासोबत जागे राहा, एवढंच म्हणाला होता. (ते झोपले, ही गोष्ट वेगळी.) आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना हे असं जागं राहणं आहे. तिथे आजाऱ्याची परीक्षा घेणारे आपण कोण?

सोमवारी मित्राला म्हटलं, आईला ती बागेतली गोष्ट सांग. तो म्हणाला, "अरे, तिला ती पाठ आहे. पण आज परत वाचू."