ओसरीवरचे ऑफिस आणि आजोबांची वाट

घरी बसून कार्यालयाचे काम करण्याची पद्धत 2020 नंतर रूढ झाली आणि नोकरीसाठी पुण्याला गेलेली कितीतरी मुले आठवड्यातील काही दिवस गावच्या घरी राहू लागली. वृद्ध आईवडिलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. तिच्याबरोबर एक नवा प्रश्नही दवाखान्यात येऊ लागला आहे : घरातील मोकळी, उजेडाची जागा कोणाची? बहुधा ती ऑफिसला मिळते आणि आजोबांची खाट मागच्या खोलीत सरकते.

नीरा नरसिंहपुरातील एका कुटुंबाचा बेत असाच होता. आजोबांचे वय 78, खुब्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झालेले, वॉकर घेऊन चालणे सुरू. अभियंता मुलाने ओसरी काचेने बंद करून तेथे वातानुकूलित ऑफिस करण्याचा आराखडा काढला होता. त्याने तो मला दाखवला, तेव्हा मी एवढेच म्हटले, ‘‘हा आराखडा पुण्याचा झाला. आता एक नरसिंहपूरचा काढून पाहा.’’

नीरा-भीमेच्या संगमावरचे, विंचूरकर सरदारांनी अठराव्या शतकात उभारलेले लक्ष्मी-नरसिंहाचे देऊळ आणि तेथील घाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वीर आणि उजनी धरणांतून सोडलेले पाणी येथे एकत्र येते; पावसाळ्यात ते पायऱ्यांमागून पायऱ्या गिळते, उन्हाळ्यात दूर जाते. घाट मात्र कोणत्याही पाण्याला उपयोगी पडतो. आजची उतरण्याची पायरी उद्या बसण्याची होते, परवा धुणे वाळवण्याची. आपल्या जुन्या ओसरीचा स्वभावही असाच. सकाळी पाहुण्यांची, दुपारी निवडण-टिपण्याची, रात्री निजण्याची. याच परिसरात दुसरी, अगदी उलट गोष्टही आहे : प्रदक्षिणेची वाट. उत्सवात मंडपात काहीही मांडले, तरी त्या वाटेवर कोणी सामान ठेवत नाही.

त्या घरात शेवटी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ओसरी बंद झाली नाही. खाट रस्ता दिसेल अशी भिंतीलगत ठेवली. मुलाचे टेबल चाकांचे, चाकांना कुलूप लागणारे. दूरदृश्य बैठकीच्या वेळी मधला जाड पडदा ओढायचा, एरवी तो बाजूला. जुन्या कोनाड्यांत औषधे, चष्मा, पाण्याचा तांब्या आणि बोलावण्याची घंटा. संध्याकाळी टेबल भिंतीला लागले की तेथेच चार माणसे गप्पांना बसतात. एक गोष्ट मात्र कायमची ठरली : खाटेपासून संडासापर्यंतची तीन फूट रुंदीची वाट कधीही बदलायची नाही. तिच्यावर विजेची वायर, पायपुसणे, चप्पल, लॅपटॉपची पिशवी, काहीही नको.

या आग्रहाला वैद्यकीय कारण आहे. रात्री अर्धवट झोपेत उठलेला वृद्ध डोळ्यांपेक्षा सवयीने चालतो. कालची खुर्ची आज जागेवर नसेल, तर आधारासाठी गेलेला हात हवेत राहतो. आणि एकदा मोडलेल्या खुब्याच्या माणसाला पुन्हा हाड मोडण्याचा धोका अधिकच असतो. म्हणून ज्या वस्तूचा आधार घेतला जाईल, तिला चाके नकोत.

हलवता येणाऱ्या ऑफिसची कल्पना पाश्चात्त्यांकडेही आहे. अमेरिकेत रॉबर्ट प्रोप्स्ट यांनी 1968 मध्ये सुटे पडदे आणि फळ्या हव्या तशा जोडण्याची मांडणी आणली. माणसाला मोकळे करणे हा त्यांचा हेतू. कंपन्यांनी तिचे खुराडे केले. आपणही काचेमागे तेच करतो, असे मला वाटते. मागच्या अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला दिवस-रात्र कळेनासे होतात, झोप विस्कटते, जेवण आणि बोलणे कमी होते. मग नातेवाईक भुकेची गोळी मागायला येतात.

मापांविषयी थोडे. खाटेची आणि खुर्चीची उंची साधारण 18 ते 20 इंच, म्हणजे बसल्यावर तळवे पूर्ण टेकतील इतकी. खुर्चीला हात हवेतच. उंबरठा काढायला घरातले तयार नसतील तर आग्रह धरू नये. दोन्ही बाजूंना उतार द्यावा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी, म्हणजे दोन इंची उंबरठ्याला दोन फूट. गुळगुळीत, चकाकणारी फरशी ओली नसतानाही वृद्धांना ओली दिसते, म्हणून दिवा डोळ्यांवर न येता जमिनीलगत असावा. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो. उठताना आधी खाटेच्या कडेला एक-दोन मिनिटे पाय सोडून बसावे; रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

खोली मांडून झाली की एक चाचणी घरीच करता येते. घड्याळ हाती धरून आजोबांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगावे. वॉकर असेल तर तो घेऊनच. शेजारी कोणीतरी उभे राहावे. 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. नरसिंहपूरच्या आजोबांना पहिल्या दिवशी 31 सेकंद लागले. आता मुलगा अकराच्या सुट्टीत टेबलावरून उठतो आणि त्या मोकळ्या वाटेवर दोघे मिळून चार फेऱ्या मारतात. मागच्या तपासणीला 22 सेकंद होते.