पेलेल ती उणीव

गेल्या जूनमध्ये आमच्या घरात दहा दिवस एकच विषय होता : पुणे की बडोदा? भाचीला एम.ए. पुरातत्त्वासाठी दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ. एकीकडे नकार आला असता तर प्रश्न आपोआप सुटला असता. दोन्हीकडून होकार आला आणि घराची झोप उडाली.

सल्ल्यांची कमी नव्हती. तिचे काका म्हणाले, पुणं ते पुणं. शेजारचे इंजिनीअर म्हणाले, जिथं प्लेसमेंट चांगली तिथं जा. पुरातत्त्वात प्लेसमेंट म्हणजे काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाली, "इतलं दूर कसाले?" तिला दोन्ही गावं सारखीच दूर. खरं तर आम्हा शहाद्याच्या माणसांना पुण्यापेक्षा गुजरात जवळचा. लग्नाचा बस्ता सुरतेला, मोठं आजारपण सुरतेला. नंदुरबारला गाडीत बसलं की सुरत, आणि तिथून बडोदा फार लांब नाही. पुण्याला जायचं तर रात्रभर बसमध्ये मान अवघडून घ्यायची.

मी तिचा मामा. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला आणि तिला या नादाला लावण्यात माझाच हात आहे. आमच्या गावाजवळ तापीकाठी प्रकाशे आहे. लोक तिथं दक्षिण काशी म्हणून दर्शनाला जातात. मी तिला तिथलं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड दाखवायला नेत असे. 1954-55मध्ये बी. के. थापर यांनी तिथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनचे वस्तीचे थर उघडे पडले. आपण ज्या मातीवर उभे आहोत तिच्याखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी चूल आहे, हे कळल्यावर सात-आठ वर्षांची ती पोर चप्पल काढून उभी राहिली होती. तेव्हा 'मामा सांगेल तिथं जाईल' असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही.

माझं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं : डेक्कन कॉलेज. त्याला कारण माझा स्वतःचा अनुभव. चाळीस वर्षांपूर्वी मी एका मोठ्या विद्यापीठात एम.ए.ला होतो. वर्गात एवढी मुलं की मागच्या बाकांवर सरांचा आवाज पोहोचत नसे. दोन वर्षांत माझं नाव एकाही प्राध्यापकाला माहीत झालं नाही. शंका विचारायला विभागात गेलो की दारावरची पितळी पाटी वाचायची, आत कोणीतरी मोठा माणूस बसला असेल असं वाटून पाय अडखळायचा आणि मी परत फिरायचो. पदवी मिळाली, पण आपण कुठं शिकलो असं कधी वाटलंच नाही. तेव्हापासून मोठी विद्यापीठं म्हटली की मला ती बंद दारं आठवतात.

तरी मी एक गोष्ट शहाणपणाची केली. माहितीपत्रकं बाजूला ठेवून तिला दोन्ही ठिकाणी घेऊन गेलो. समारंभ, मेळावा, पाहुण्यांची फेरी असं काही नसताना, कामाच्या साध्या दिवशी.

येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या दगडी इमारतीसमोर उभा राहिलो आणि मला पुन्हा विद्यार्थी व्हावंसं वाटलं. 1821मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या हिंदू कॉलेजचा हा वंश. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. 1934मध्ये सरकारने कॉलेज बंद केलं आणि 1939मध्ये ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे ही माणसं तेव्हाची. आज ते अभिमत विद्यापीठ आहे. पण विद्यापीठ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा पसारा नाही. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत आणि कोशविद्या, एवढ्यावरच सारा डोलारा. संस्कृतच्या महाकोशाचं काम 1948पासून चालू आहे आणि एकट्या 'अ'ने कितीतरी खंड व्यापले आहेत. इथे कुणाला घाई नाही, हे आवारात शिरताक्षणी कळतं.

एका टेबलावर खापरं मांडलेली होती. एक मुलगी एकेक खापर हातात घेऊन त्याच्या कडेचं चित्र काढत होती. भाचीने विचारलं, तर तिने हातातलं खापर सरळ भाचीच्या हातात दिलं. पुढच्या तासाभरात प्राण्यांच्या हाडांचे नमुने पाहून झाले, आणि कुठल्या गावची, बी.ए.ला काय विषय होते, हेही तिथल्या चौघांना कळलं. धुळे जिल्ह्यातल्या कवठ्याचं उत्खनन याच संस्थेचं, हे ऐकल्यावर तिचा चेहरा उजळला. आपल्या तापीखोऱ्यातल्या सावळद्याच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते आणि इथल्या माणसांना ते नाव पाठ आहे! मी मनात म्हटलं, झालं, ठरलं.

मग बडोदा. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, त्यामुळे मराठी माणसाला तिथं परकेपण वाटत नाही. 1881मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजचा तो प्रचंड घुमट पाहून विजापूर आठवतं. 1949मध्ये विद्यापीठ झालं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. तीस हजारांहून जास्त विद्यार्थी आणि शहरभर पसरलेल्या इमारती. रस्ता ओलांडला की दुसरी विद्याशाखा. कुठं विद्यापीठ संपतं आणि कुठं गाव सुरू होतं, ते नवख्याला उमगत नाही.

पुरातत्त्व विभाग आम्ही पाहिला, माणसं नीट बोलली. मग मी एका झाडाखाली टेकलो आणि भाची "जरा बघून येते" म्हणून गेली, ती दोन तासांनी उगवली. वाट चुकून ललित कला विद्याशाखेत शिरली होती. तिथं कुणी माती मळत होतं, कुणी साचा फोडत होतं. भट्टीत मातीचं भांडं काळं का होतं आणि लाल का होतं, ते एका मुलाने तिला करून दाखवलं होतं. आम्ही खापरांबद्दल पुस्तकात वाचतो तेच, पण ओल्या हातांनी. त्याच विद्याशाखेत संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तोही जुना. सयाजीबागेतलं संग्रहालय जवळच. नंतर कँटीनमध्ये अनोळखी पोरापोरींच्या बाकावर बसून सेव-उसळ खाऊन आली होती.

"कोणी विचारलं नाही, तू कोण म्हणून?" मी म्हटलं.

"नाही ना!" ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला तेव्हा कळला नाही.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. दोन्ही विभाग नावाजलेले. शिवाय ही दोन घरं एकमेकांना परकी नाहीत : बडोद्याच्या विभागाची सुरुवातीची घडण करणाऱ्या बेंदापुडी सुब्बराव यांनी पुण्यात सांकलियांकडेच पीएच.डी. केली होती. खर्च दोन्हीकडचा घराला पेलणारा होता, म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवता आला. सगळ्यांना तो ठेवता येत नाही, याची जाणीव आहे. उरला फरक आकाराचा. लहान जागी तुझ्याकडे लक्ष दिलं जाईल, मी म्हणालो. मोठ्या जागी हरवशील.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, आपल्या गल्लीत मी कितीला कॉलेजला जाते, कुणाशी बोलते, कोणत्या रंगाची ओढणी घेतली, सगळ्यांना माहीत असतं. माझ्याकडे बावीस वर्षं लक्षच दिलं जातंय. मला थोडं हरवायचंय."

मी गप्प बसलो. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर हळहळलो, तिचं या मुलीला अजीर्ण झालं होतं.

तेव्हापासून माझं मत बदललं आहे. भाची बडोद्याला गेली म्हणून मोठं विद्यापीठ बरं, असं मी म्हणत नाही. दोन चांगल्या संस्थांमध्ये 'जास्त चांगली कोणती' हा प्रश्नच फारसा कामाचा नाही, असं मला आता वाटतं. विचारायचं ते हे : इथली उणीव कोणती, आणि ती मला स्वतःच्या हाताने भरून काढता येईल का? लहान संस्थेत वैविध्य कमी. दोन वर्षं तीच माणसं, तेच विषय, आणि एकाशी बिनसलं तर बसायला दुसरा कट्टा नाही. मोठ्या संस्थेत जिव्हाळा कमी. आपण गेलो नाही तर आपल्याला शोधत कोणी येत नाही. जो स्वतः उठून दुसऱ्याच्या दारात जाऊ शकतो, त्याने मोठ्या जागी खुशाल जावं. जो माझ्यासारखा पाटी वाचून परत फिरतो, त्याला लहान जागाच तारते. क्रमवारीच्या तक्त्यात हा रकाना नसतो, कारण तो विद्यापीठाबद्दल नाहीच, विद्यार्थ्याबद्दल आहे.

आणि म्हणूनच एक काळजी वाटते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणसंस्था मोठ्या आणि बहुशाखीय व्हाव्यात, प्रत्येकीत तीन हजार किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असावेत, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यामागचं दुखणं खरं आहे. देशातल्या वीस टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत शंभरसुद्धा विद्यार्थी नाहीत, हे धोरणाच्या 2019च्या मसुद्यातच नोंदवलं होतं. शिक्षक नाहीत, ग्रंथालय नाही, अशी नावापुरती कॉलेजं आमच्या भागातही आहेत. ती एकत्र केली तर कोणी रडणार नाही. पण कुपोषणाने खुजं राहिलेलं मूल आणि मुळातच बुटक्या जातीचं काटक झाड यांना एकाच पट्टीने मोजू नये. तीन विषयांची ओळखीपाळखीची संस्था कामाच्या गरजेतून लहान राहिलेली असते. एका खापराच्या कडेवर अर्धा दिवस घालवायचा तर शिकवणाराही शेजारी बसलेला हवा. तीन हजारांच्या गर्दीत ते जमवणं कठीण. उद्या सगळीच विद्यापीठं मोठी झाली तर भाचीची सोय होईल. माझ्यासारख्यांचं काय? आणि अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. तीस वर्षं मी ती शेवटच्या बाकावर पाहिली आहेत.

पालकांना एवढंच सांगेन की मुलांना घेऊन साध्या दिवशी दोन्हीकडे जा आणि मग त्यांना एकटं सोडून झाडाखाली बसा. ती कुठं रेंगाळतात ते बघा. आपल्या तारुण्यात राहून गेलेलं त्यांच्या प्रवेशअर्जात भरू नका. मी जवळजवळ भरलंच होतं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "मामा, आज सकाळपासून रात्रीपर्यंत मला कोणीही नावाने हाक मारली नाही." माझ्या पोटात कालवलं, पण ती हसत होती. मग म्हणाली, "एक शंका होती थरांबद्दल. तासाला विचारायला वेळच मिळाला नाही. मग संध्याकाळी सरांच्या खोलीवर गेले आणि दार वाजवलं."

"मग?"

"मग काय, उघडलं त्यांनी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी ओट्यावर बसून होतो. चाळीस वर्षांपूर्वीचं ते दारही कदाचित उघडलं असतं. मी वाजवलंच नव्हतं.