वाद्य खोलून पाहावे काय?

गिटार हे वाद्य आता महाराष्ट्रातील शहरांना परके राहिलेले नाही. छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो की एखाद्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम असो, रंगमंचाच्या एका बाजूस लांब दांडीचे, चार जाड तारांचे वाद्य गळ्यात अडकवून एखादा तरुण उभा असतो. तीच बेस गिटार होय. श्रोत्यांचे लक्ष तिच्याकडे सहसा जात नाही. पण ती मध्येच थांबली, तर पाया काढून घेतल्यासारखे सारे गाणे पोकळ वाटू लागते. तंबोरा थांबला म्हणजे गवयाची जी स्थिती होते, तिच्याशी याचे बरेच साम्य आहे.

असे वाद्य घरी आले की काही मुले त्याचे स्क्रू सैल करतात, तारा उतरवितात, दांडी डोळ्यांसमोर धरून तिचा बाक तपासतात. नेमक्या त्याच वेळी वडीलधारी मंडळी कावरीबावरी होतात. ‘इतके पैसे मोजून आणलेली वस्तू खोलायची कशाला? बिघडली तर?’ त्यांची काळजी खोटी नाही. तथापि वाजविणाऱ्याने आपले वाद्य खोलून पाहूच नये, हे मत मान्य करणे कठीण आहे.

मुळात हे वाद्य खोलता यावे अशाच रीतीने घडविलेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. परंतु बिघडलेली यंत्रे हाताळण्यात त्याचा जन्म गेला होता. १९५१ साली त्याने जी बेस गिटार बाजारात आणली, तिची दांडी धडाला सरसाने न चिकटविता स्क्रूंनी जोडलेली होती. एखादा भाग निकामी झाला, तर तेवढाच काढून दुसरा बसवावा, अशी त्याची दृष्टी होती. ही रचना आजही बहुतेक बेस गिटारींत आढळते.

मराठवाड्याच्या हवेत तर वाद्याकडे पाठ फिरवून चालतच नाही. दमट हवेत घडविलेले लाकूड येथील कोरड्या उन्हाळ्यात आकसते. धातूचे पडदे मात्र आकसत नाहीत. मग त्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर येतात आणि बोटांना खुपतात. मुलाला वाटते, आपल्याला हे वाद्य जमत नाही. आणि दोष असतो केसाएवढ्या धातूच्या टोकाचा! बारीक कानशीने ती टोके हलक्या हाताने घासली की काम झाले. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोग्रॅम वजनाएवढा असतो. तो सोसता यावा म्हणून दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई बसविलेली असते. तिची किल्ली फिरवून दांडीचा बाक कमीअधिक करता येतो. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

या छंदातील खरी गोडी सूर लावण्यात आहे. तार निम्मी केली की तिचा सूर बरोबर एक सप्तक वर चढतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात सापडते. बाराव्या पडद्यावर बोट दाबले म्हणजे तार जवळजवळ निम्मी होते. आता मोकळ्या तारेचा सूर ऐकावा, मग बाराव्या पडद्याचा ऐकावा. दुसरा सूर सप्तकाहून किंचित चढा लागला, तर घोडीवरील तारेचा आधार स्क्रूने मागे सरकवून तार लांब करावी. उतरता लागला, तर पुढे आणावा. पुन्हा तार जुळवावी, पुन्हा ऐकावे. असे कधी दहा वेळा करावे लागते. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. इतक्या खर्जातील लहानसा फरक पहिल्या दिवशी कळतच नाही. आठवडाभराने कळू लागतो. असे तयार झालेले कान कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

गवयांनीही हे काम कमीपणाचे मानलेले नाही. मिरजेस राहिलेले किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तंबोरे व वीणा स्वतः दुरुस्त करीत. ज्या मिरजेत सतार-तंबोरे घडविणारे नामांकित कारागीर होते, तेथेच ते राहत होते, हे विसरता कामा नये.

तिकडे इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार घडविण्यास आरंभ केला. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेतले. त्यातील किडीची भोके आगकाड्यांनी बुजविली. मोटारसायकलच्या स्प्रिंगा आणि शिंपल्याची बटणेही उपयोगी पडली. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही तो तीच गिटार वाजवीत राहिला.

अर्थात खोलणे आणि मोडणे यांत अंतर आहे. पुष्कळांचा उत्साह वाद्याला भडक रंग फासण्यावरच संपतो. त्याने सूर सुधारत नाही. दुसरे काही महागड्या सुट्या भागांच्या मागे लागतात आणि गंजलेल्या तारा मात्र तशाच ठेवतात. झाळकामाचे तापलेले हत्यार मोठ्यांच्या देखरेखीवाचून हाती घेऊ नये. ध्वनिवर्धकाची पेटी तर मुलांनी उघडूच नये; वीज बंद केल्यावरही तिच्यात धोक्याचा विद्युत्भार राहू शकतो. तंबोऱ्याची जवारीही कसबी कारागिराकडेच सोपवावी. घोडीवरून चुकीची फिरलेली कानस परत घेता येत नाही. स्क्रू मात्र उलटा फिरविता येतो, आणि घरी करावयाच्या कामाची सीमा बहुतेक तेथेच आहे.

वडीलधाऱ्यांची भीती कमी करण्याचा एक सोपा उपाय आहे. कित्येक घरांच्या माळ्यावर एखादी जुनी गिटार धूळ खात पडलेली असते. नवीन वाद्याऐवजी तीच प्रथम मुलाच्या हाती द्यावी. काढलेला प्रत्येक स्क्रू एका डबीत ठेवावा आणि तो कोठला, हे चिठ्ठीवर लिहावे. खर्च फारतर नव्या तारांचा येईल. आणि वाद्य नाहीच वाजले, तरी ते पूर्वीही वाजत नव्हतेच.