दोन खुर्च्यांचे मोल

नाशकात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ साली निघाले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या नगरीत महाविद्यालये पुष्कळ झाली. परंतु त्यांच्या कारभारात विद्यार्थ्याचे स्थान कोणते, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

१९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तो मार्ग पुन्हा मोकळा केला. पण २०१९ साली ठरलेल्या निवडणुका शासनाने पुढे ढकलल्या. याच कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असावी, तिच्या वर्षातून निदान चार बैठका व्हाव्यात आणि तीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव बसावेत, असा दंडक आहे.

परंतु दोन खुर्च्या मिळाल्याने काम भागत नाही. विषयपत्रिका ऐन बैठकीत हाती पडली, तर विद्यार्थी मान डोलावण्यापलीकडे काय करणार? निवडणुकांनी दंगे माजतात, हा आक्षेप निराधार नव्हे. तथापि प्राचार्य जेथे बहुतेकांस नावाने ओळखतात, अशा लहान महाविद्यालयात ही भीती बाळगण्याचे कारण थोडे. तेथे विषयपत्रिका आठ दिवस आधी फलकावर लागावी, सूचनांस लेखी उत्तर मिळावे, इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध व्हावे. यास शासनाची परवानगी नको, पैसाही नको. चालकांचे मन मात्र मोठे हवे.

अठराव्या वर्षी ज्यास आमदार निवडता येतो, त्याने ग्रंथालयाच्या वेळेविषयी मात्र तोंड उघडू नये, ही विसंगती नाशिकच्या संस्थाचालकांनी आपण होऊन दूर करावी.