माजी, स्वयंसेवी, हौशी

अमेरिकेतील लहान गावांच्या वृत्तपत्रांतले मृत्युलेख वाचताना आम्हांला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटत आले आहे. गेलेला गृहस्थ तरुणपणी सैन्यात होता, परत आल्यावर गावच्या अग्निशमन पथकात बिनपगारी काम करी, आणि रात्री घराच्या एका कोपऱ्यात बसून बिनतारी यंत्रावर दूरदेशीच्या अनोळखी माणसांशी बोलत असे. हे तीन तपशील तेथे विशेषणांवाचून सांगितलेले असतात. रेडिओवर तो ज्या संकेतनामाने ओळखला जाई ते संकेतनामही सोबत छापतात. मोठेपणाचा दावा नाही, हळहळ नाही. हाच माणूस नाशिकमध्ये वारला तर आपण त्याच्याविषयी काय लिहू?

बहुधा असे लिहू: माजी सैनिक, स्वयंसेवी अग्निशामक, हौशी रेडिओचालक. आमचे भांडण या तीन विशेषणांशी आहे. 'माजी' म्हटले की मराठी कानाला माजी आमदार, माजी सरपंच ऐकू येतो, म्हणजे ज्याच्याकडून पद गेले तो. 'स्वयंसेवक' म्हणजे संमेलनात छातीला फीत लावून पाहुण्यांना खुर्ची दाखविणारा. आणि 'हौशी' तर नाटकवाल्यांनी कायमचा करून ठेवलेला शब्द. त्यात 'व्यावसायिक नव्हे' ही कबुली आधीच दिलेली असते. माणसाने आयुष्यभर ज्या तीन गोष्टी गांभीर्याने केल्या, त्या तिन्हींना आपली भाषा उंबऱ्यावरच उणे करून घेते. कारण उघड आहे. मराठी मृत्युलेख पदांवर उभा असतो: अध्यक्षपदे, पुरस्कार, ग्रंथसंख्या. ज्या कामाला पद नाही त्याला वाक्य नाही.

यावर कोणी म्हणेल की असा माणूस आपल्याकडे असतोच कोठे? हा प्रश्न निदान नाशिककराने विचारू नये. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातली. तोफखान्याचे विद्यालय तेथे आहे, नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र आहे, आणि निवृत्तीनंतर याच परिसरात घर बांधून राहिलेले लोक आमच्या शेजारीपाजारी आहेत. पण देवळालीचे वाङ्मयातले स्थान कोणते? इंग्रजीने तिच्या नावावरून एक शब्द घडविला, 'डूलाली'. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे अडकलेल्या गोऱ्या शिपायांना वेड लागे, त्यावरून आलेला. त्याच्या पूर्ण रूपात पुढे 'टॅप' आहे, तो म्हणजे आपलाच ताप. परक्यांनी आमच्या गावावरून भ्रमिष्टपणाचा शब्द काढला, आणि आम्ही त्या छावणीवरून एकही शब्द काढला नाही.

मराठीतील युद्धलेखन पाहिले तरी हेच दिसते. १८५७चे आपले सर्वांत जिवंत वर्णन 'माझा प्रवास' हे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेल्या विष्णुभट गोडसे या भिक्षुकाचे. १९३९ची 'रणांगण' महायुद्धाच्या उंबरठ्यावरची, पण ती घडते प्रवासी बोटीवर. मनोहर माळगावकर मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होते. त्यांनी सैनिकी जीवनावरची 'डिस्टंट ड्रम' ही कादंबरी १९६० साली लिहिली ती इंग्रजीत. अधिकारी इंग्रजीत लिहीत राहिले आणि जवान पत्रे लिहीत राहिला. पहिल्या महायुद्धात ती पत्रे सेन्सॉरच्या कचेरीतून जात, आणि अभ्यासकांच्या हाती आज जे आहे ते मुख्यतः तेथे केलेले इंग्रजी उतारे. आपल्या शिपायाचे मराठी मराठीपर्यंत पोचलेच नाही.

आगीचेही तसेच. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. दुपारपासून बंबवाले पाणी मारीत होते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. युद्धकाळ असल्याने येथील बातमीदारांची तोंडे बंद होती. जगाला सविस्तर बातमी दुसऱ्या दिवशी दिली ती जपानी ताब्यातील सायगाव रेडिओने. मुंबईहून वृत्ते पाठवायला परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. युद्ध, आग आणि बिनतारी संदेश एका दिवसात असे एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण आमच्या आठवणीत नाही. लोकस्मृतीत मात्र त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा राहिल्या.

तो दिवस आज अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मुंबईत होमगार्ड दलाची स्थापना झाली ती ६ डिसेंबर १९४६ रोजी. महाराष्ट्रात या दोन्ही तारखा बाबासाहेबांच्या आहेत, आणि त्या त्यांच्याच राहणार, हे योग्यच. तरी एवढे सुचवावेसे वाटते की सुभेदार रामजींच्या, महूच्या छावणीत जन्मलेल्या मुलाच्या जयंतीला एखाद्या निवृत्त शिपायाची किंवा बंबवाल्याची आठवण काढली, तर ती उपरी ठरणार नाही.

रेडिओवाल्याची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण त्याचे काम ऐकू येते, दिसत नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने बंद केले. तरीही १९४२च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस रेडिओ सुरू झाला. आपण उषा मेहतांचे नाव घेतो, घेतलेच पाहिजे. पण प्रक्षेपक जोडणारा नरिमन प्रिंटर हा त्याच परवानाधारकांपैकी एक होता, आणि पुढे पोलिसांना ठिकाण दाखविणाराही तोच. असा माणूस कोणत्याच श्रद्धांजलीत बसत नाही, म्हणून तो वगळला जातो. डिसेंबर २००४मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या हौसेखातर, दुर्मीळ ठिकाणाहून जगाशी संपर्क साधायला. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि त्यांचेच यंत्र बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागले. तेव्हा 'हौशी' हा शब्द कोणाला सुचला असेल का?

या मंडळींची एक रीत आम्हांला वाङ्मयीन दृष्ट्या मोलाची वाटते. प्रत्येक संभाषणाची ते वहीत नोंद करतात: तारीख, वेळ, कंप्रता, समोरच्याचे संकेतनाम, आवाज किती स्पष्ट आणि किती जोरकस आला त्याचे आकडे. नंतर टपालाने एकमेकांना पत्ते पाठवून बोलणे झाल्याची पोच देतात. आणि त्यांच्यातला कोणी गेला की त्याला 'सायलेंट की' म्हणतात, म्हणजे तारयंत्राची कळ आता वाजत नाही. आपल्या 'पोकळी निर्माण झाली' या झिजलेल्या वाक्यापेक्षा ते कितीतरी नेमके आहे. मुलांना त्या वह्या वाचता येत नाहीत. त्या रद्दीत जातात, आणि सोबत लष्करी सेवापुस्तिकाही.

नाशिकमधील मराठीच्या प्राध्यापकांपाशी आमचे एक मागणे आहे. एम. ए.च्या विद्यार्थ्याला आणखी एका कवीची प्रतिमासृष्टी देण्याऐवजी एखाद्या वर्षी देवळालीला पाठवावे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर होते. त्या दिवसापुरते आपल्याला भोंगा, वाळूची बादली आणि वॉर्डन हे शब्द पुन्हा लागले. ज्यांना ते शब्द १९६५ आणि १९७१पासून ठाऊक आहेत अशी माणसे अजून आहेत, पण ऐंशीच्या आसपास. विद्यार्थ्याने त्यांना 'तुमच्या भावना काय होत्या' असे विचारू नये. तोफ कोणती होती, आग कोठे लागली होती, पाणी कोठून आणले, त्या रात्री कोणाचा आवाज आला आणि तो किती स्पष्ट होता, हे विचारावे, आणि उत्तर ते ज्या मराठीत देतील त्याच मराठीत उतरून घ्यावे.